पांढऱ्या पडद्यापासून मराठी अक्षरापर्यंत

द्राक्षबागेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र असो, गच्चीवरच्या टाकीची पातळी सांगणारी डबी असो, की शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक. अशा कामांना मोठा मॉनिटर लागत नाही. रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स बोर्ड आणि त्याला जोडलेला २.८ इंची रंगीत एलसीडी पडदा एवढं पुरतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत असे पडदे सहज मिळतात. घरी आणून तारा जोडाव्यात, वीज द्यावी आणि पडदा पांढराफटक उजळून तसाच राहावा, हा अनुभव मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. पुढे काय करायचं ते कळत नाही, पडदाच खराब निघाला असा समज होतो आणि तो खणात जाऊन पडतो.

बहुतेक वेळा तो पडदा धडधाकट असतो. पडदा चालू होणं हे एकच काम वाटत असलं, तरी त्यात बरीच वेगवेगळी कामं एकामागून एक यावी लागतात: मागचा दिवा लागणं, तारांतून संदेश पोचणं, पडद्यावरच्या चिपला जाग येणं, लिनक्सला पडद्याची ओळख पटणं, रंग बरोबर उमटणं आणि शेवटी अक्षरं नीट वाचता येणं. यातलं कुठलंही काम अडलं की पडद्यावर त्याचं स्वतःचं लक्षण दिसतं. ते लक्षण वाचायला शिकलं की अंदाजपंचे तारा उपसत बसावं लागत नाही. ‘आयएलआय ९३४१’ या चिपवर चालणारा, २४० बाय ३२० ठिपक्यांचा पडदा आणि रास्पबेरी पाय ही लोकप्रिय जोडी समोर ठेवून हा प्रवास पाहू.

पडदा पांढरा का दिसतो?

एलसीडी स्वतः उजेड देत नाही. त्याच्या पाठीमागे पांढऱ्या एलईडींचा दिवा असतो आणि पुढचा द्रवस्फटिकाचा थर तो उजेड अडवायचा की सोडायचा एवढंच ठरवतो. द्रवस्फटिकांची कहाणी जुनी आहे. १८८८ मध्ये प्रागमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर यांना कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सियसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो वाहत होता द्रवासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत होते. या शिस्तीचा उपयोग पडद्यासाठी करायला १९७० साल उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी रेणूंची रांग एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांत पिळली. या पिळातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशाही ९० अंशांत वळते, त्यामुळे दोन ध्रुवक पट्ट्या एकमेकींना आडव्या असूनही उजेड बाहेर येतो. विद्युतदाब दिला की पीळ सुटतो आणि उजेड अडतो.

पांढऱ्या पडद्याचं उत्तर यातच आहे. या जातीच्या पडद्यात विद्युतदाब नसेल तर उजेड थेट बाहेर पडतो. म्हणजे पडदा पांढरा दिसतोय याचा अर्थ दिव्याला वीज मिळाली आहे, पण ठिपक्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या चिपला अजून एकही आज्ञा समजलेली नाही. पडदा पूर्ण अंधारा असेल, तर आधी ‘एलईडी’ लिहिलेली पिन तपासावी. ती बोर्डाच्या साध्या पिनला थेट जोडण्याचा मोह टाळलेला बरा. रास्पबेरी पायच्या एका पिनमधून जास्तीत जास्त १६ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घ्यावा, आणि दिव्याची भूक त्याहून मोठी असू शकते. मॉड्यूलवर ट्रान्झिस्टर नसेल तर बाहेरून लावावा, किंवा मॉड्यूलच्या माहितीपत्रकाप्रमाणे दिवा थेट वीजपुरवठ्याला जोडून टाकावा.

‘आयपीएस’ जातीचे पडदे मात्र उलट वागतात. विद्युतदाब नसताना ते काळे असतात. ‘एसटी ७७८९’ चिपच्या बऱ्याच चौकोनी पडद्यांत हाच प्रकार असतो. आज्ञा मिळाली नाही तर ते पांढरे न दिसता काळपट दिसतात. खोलीतला दिवा बंद केला की मागून झिरपणारा मंद उजेड जाणवतो. आपल्या हातातला पडदा कुठल्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय लक्षणाचा अर्थ लावू नये.

चौदा पिना आणि एक ठोका

लाल रंगाच्या प्रचलित २.८ इंची मॉड्यूलवर चौदा पिनांची एक रांग असते. तिला पाहून माणूस बिचकतो, पण त्यातल्या पाच पिना स्पर्श ओळखणाऱ्या वेगळ्या चिपच्या असतात. चित्र उमटवण्यासाठी त्यांची गरज नाही. पडदा चालेपर्यंत त्या मोकळ्याच ठेवाव्यात. उरलेल्या नऊपैकी दोन विजेच्या, एक दिव्याची आणि सहा संवादाच्या. त्या सहांतली ‘एसडीओ’ ही पडद्याकडून परत वाचण्यासाठी असते आणि तिच्यावाचूनही काम चालतं. म्हणजे खऱ्या महत्त्वाच्या संवादतारा पाचच.

हा संवाद ‘एसपीआय’ पद्धतीने चालतो. एका तारेवरून घड्याळाचे ठोके जातात, दुसरीवरून एकेक बिट. लेझीम खेळणाऱ्या पथकात प्रत्येक पाऊल हलगीच्या ठोक्यावर पडतं, तसाच इथे प्रत्येक बिट घड्याळाच्या ठोक्यावरच वाचला जातो. रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांच्या रांगेत माहितीची तार १९ क्रमांकाच्या पिनवर, ठोक्याची २३ वर आणि ‘सीएस’ म्हणजे चिप निवडण्याची तार २४ वर येते. ‘सीएस’ खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर असेपर्यंतच पडद्याची चिप कान देते.

चौथी तार ‘डीसी’ ही या पडद्यांची खासियत आहे. एसपीआयवरून आलेला बाइट ही आज्ञा आहे की आज्ञेसोबतची माहिती, हे बाइटमध्ये लिहिलेलं नसतं. ‘डीसी’ खाली असेल तर आज्ञा, वर असेल तर माहिती, असा नियम आहे. ही तार सैल राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही आज्ञा माहिती म्हणून वाचल्या जातात आणि पडदा पांढराच राहतो. पाचवी ‘रीसेट’. ती क्षणभर खाली ओढून वर सोडली की चिप पहिल्यापासून सुरू होते. ‘डीसी’ आणि ‘रीसेट’साठी कुठल्याही मोकळ्या पिना चालतात; १८ आणि २२ क्रमांकांच्या पिना बरेच जण वापरतात. त्या लिनक्सच्या हिशेबात जीपीआयओ २४ आणि २५ आहेत. पिनचा जागेचा क्रमांक आणि जीपीआयओ क्रमांक हे दोन वेगळे हिशेब आहेत. सेटिंग लिहिताना दुसरा लागतो, तार जोडताना पहिला. पांढऱ्या पडद्यामागे या दोन क्रमांकांचा घोळ फार वेळा सापडतो.

तारांची लांबीही महत्त्वाची. ठोके जलद असतील आणि जंपर तारा वीतभराहून लांब असतील, तर कडा बोथट होतात आणि बिट चुकीचे वाचले जातात. चित्र येतं, पण मधेच रंगीत ठिपके उडतात किंवा ओळी सरकतात. हे लक्षण दिसलं की प्रोग्रॅममध्ये चूक शोधू नये. वेग कमी करून पाहावा. सुरुवातीला ८ मेगाहर्ट्झ पुरेसे असतात. चित्र स्थिर झालं की पायरीपायरीने वाढवावेत.

चिपला जाग आणणाऱ्या आज्ञा

काचेच्या कडेला चिकटवलेली आयएलआय ९३४१ ही चिप केवळ निरोप्या नाही. तिच्या पोटात १,७२,८०० बाइटची स्मृती आहे. २४० गुणिले ३२० ठिपके आणि प्रत्येकाला १८ बिट, असा तो हिशेब. बोर्डाने एकदा चित्र या स्मृतीत लिहिलं की ते पडद्यावर सतत ताजं ठेवण्याचं काम चिप स्वतः करते. म्हणून बोर्डाने पुढे काहीही पाठवलं नाही तरी चित्र टिकून राहतं.

वीज येते तेव्हा ही चिप झोपलेली असते. तिला उठवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी रीसेट. मग ११ क्रमांकाची आज्ञा: झोपेतून बाहेर ये. त्यानंतर चिपच्या आतले दाब स्थिर होईपर्यंत थांबायचं. ड्रायव्हरमध्ये यासाठी १२० मिलिसेकंद ठेवण्याची पद्धत आहे. मग ३ए या आज्ञेने एका ठिपक्याला किती बिट ते सांगायचं, ३६ या आज्ञेने चित्राची दिशा आणि रंगांचा क्रम सांगायचा, आणि २९ ने पडदा उघडायचा. हे क्रमांक सोळा-पायाच्या अंकपद्धतीतले आहेत. मोबाइल उद्योगातल्या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या ‘एमआयपीआय’ मानकातून ते येतात, त्यामुळे एसटी ७७३५, एसटी ७७८९ अशा दुसऱ्या चिपांनाही यातले बहुतेक क्रमांक जसेच्या तसे लागू पडतात. वेगळे असतात ते आतल्या विद्युतदाबाचे आणि रंगछटांचे बारकावे, आणि ते त्या त्या पडद्याच्या माहितीपत्रकात शोधावे लागतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन मॉड्यूलांत वेगळ्या चिप असू शकतात. म्हणून विकत घेतानाच पाठीवर छापलेलं चिपचं नाव वाचावं आणि नाव नसलेला पडदा घेऊ नये.

जागं झाल्यावर चित्र पाठवायचं ते तीन आज्ञांनी. २ए ने उभ्या स्तंभांची हद्द, २बी ने आडव्या ओळींची हद्द, आणि २सी नंतर त्या चौकटीतले ठिपके एकामागून एक. पडदा उघडला पण ठिपके अजून पाठवलेच नाहीत, तर जुन्या टीव्हीवर यायच्या तशा रंगीबेरंगी मुंग्या दिसतात, कारण वीज आली त्या क्षणी स्मृतीत जे काहीबाही होतं तेच दिसतं. पांढऱ्या पडद्याच्या जागी मुंग्या आल्या तर आनंद मानावा. आज्ञा पोचू लागल्या आहेत, तारा बरोबर आहेत आणि अडचण पुढच्या टप्प्यावर सरकली आहे.

लिनक्सला ओळख करून देणं

यूएसबीचा माउस जोडला की लिनक्स त्याला विचारतं, तू कोण, आणि माउस आपला निर्माता क्रमांक, वस्तू क्रमांक सांगतो. एसपीआयमध्ये असा प्रश्न विचारण्याची सोयच नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला पडदा आहे, संवेदक आहे की काहीच नाही, हे कर्नलला कळू शकत नाही. ते आपण लिहून द्यावं लागतं.

पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या सी भाषेतल्या फायलींत कोंबलेली असे. एआरएम प्रोसेसरांचे बोर्ड वाढत गेले तसा या फायलींचा ढीग झाला, आणि २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड त्रागा केला. त्यानंतर एआरएमच्या जगात ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत वेगाने रुजली. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय, कुठे आणि कसं जोडलं आहे याची मजकूर स्वरूपातली यादी. कर्नल सुरू होताना ती वाचतं आणि योग्य ड्रायव्हर जागे करतं. मूळ यादीला न दुखावता नव्या वस्तूची नोंद जोडायची असेल तर ‘ओव्हरले’ वापरतात. पडद्याच्या नोंदीत चारपाच गोष्टी असतात: कुठली एसपीआय वाहिनी, कुठली ‘सीएस’ तार, कमाल वेग, ‘डीसी’ आणि ‘रीसेट’चे जीपीआयओ क्रमांक, रुंदी आणि उंची.

ड्रायव्हरांचाही एक इतिहास आहे, आणि तो माहीत असला की इंटरनेटवरच्या जुन्या-नव्या सूचनांत गोंधळ होत नाही. नोराल्फ ट्रोन्नेस यांनी लिहिलेला ‘एफबीटीएफटी’ हा ड्रायव्हरसंच २०१५ मध्ये कर्नलच्या ४.० आवृत्तीत ‘स्टेजिंग’ विभागात आला. तो जुन्या फ्रेमबफर पद्धतीचा. पुढे त्यांनीच चित्रांच्या आधुनिक ‘डीआरएम’ व्यवस्थेत बसणारा ‘टायनी डीआरएम’ रचला आणि तो २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत दाखल झाला. २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत त्यांचाच आणखी एक ड्रायव्हर आला, ‘पॅनेल एमआयपीआय डीबीआय’. त्यात वर पाहिलेला आज्ञांचा क्रम ड्रायव्हरमध्ये न कोरता एका छोट्या फायलीतून वाचला जातो. नवीन पडदा आला की ती फाइल बदलायची. कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच रस्ता धरावा. रास्पबेरी पायवर त्याचा तयार ओव्हरले आहे. बूट विभागातल्या फर्मवेअर फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फायलीत एसपीआय सुरू करण्याची एक ओळ, ओव्हरलेची एक ओळ आणि पिना व मापं सांगणाऱ्या ओळी एवढंच लिहावं लागतं.

बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन कर्नलची रोजनिशी वाचावी. ड्रायव्हरचं नाव तिथे दिसलं नाही तर ओव्हरले लागूच झालेला नाही. आज्ञांची फाइल सापडली नाही तर तशी तक्रार तिथेच लिहिलेली असते. पण नाव दिसलं आणि तक्रार नसली म्हणजे पडदा जोडला गेला असं मात्र समजू नये. बोर्डाकडून पडद्याकडे जाणारा हा संवाद बहुतांशी एकतर्फी आहे. पडदा काढून घेतला तरी ड्रायव्हर तितक्याच शांतपणे बिट पाठवत राहतो. रोजनिशी स्वच्छ आणि पडदा पांढरा, अशी स्थिती असेल तर दोष कर्नलमध्ये शोधू नका. तारा किंवा क्रमांक तपासा.

दुसरा एक आडरस्ताही आहे. कर्नलचा ड्रायव्हर न वापरता पायथनसारख्या भाषेतून ‘एसपीआयडेव्ह’ या फायलीवर थेट बाइट लिहायचे. शिकण्यासाठी हा रस्ता उत्तम, कारण प्रत्येक आज्ञा आपल्या हाताने द्यावी लागते. दोन गोष्टींची जाणीव मात्र हवी. एक, कर्नलच्या ड्रायव्हरने ‘सीएस’ तार ताब्यात घेतली की त्या तारेची एसपीआयडेव्ह फाइल नाहीशी होते. दोन्ही रस्ते एकाच वेळी चालत नाहीत. दोन, एसपीआयडेव्ह एका वेळी मुळात ४,०९६ बाइटच स्वीकारतो, आणि आपलं एक पूर्ण चित्र १,५३,६०० बाइटचं असतं. म्हणून ते तुकड्यांत पाठवावं लागतं.

तीन रंगांची परीक्षा

चित्र आलं, पण लाल फूल निळं दिसतंय. इथे घाईने सेटिंग चाचपत बसण्यापेक्षा एक साधी परीक्षा घ्यावी: आख्खा पडदा आधी लाल, मग हिरवा, मग निळा आणि शेवटी काळा रंगवायचा.

एका ठिपक्याला आपण १६ बिट देतो. पहिले ५ लाल, मधले ६ हिरवे, शेवटचे ५ निळे. लाल निळा दिसला, निळा लाल दिसला आणि हिरवा हिरवाच राहिला, तर चिपला रंगांचा क्रम उलटा सांगितला गेला आहे. ३६ या आज्ञेतला एक बिट बदलला की काम झालं. लाल निळसर दिसला, हिरवा लालसर झाला आणि निळा हिरवट झाला, असं रंगांचं चक्रच फिरलं असेल, तर १६ बिटांतले दोन बाइट उलट्या क्रमाने जात आहेत. चिपला मोठा बाइट आधी हवा असतो, आणि आपल्या प्रोसेसरच्या स्मृतीत छोटा बाइट आधी असतो. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हा दोष नेहमी डोकावतो. कर्नलचे ड्रायव्हर ही अदलाबदल स्वतः करतात. आणि काळा पडदा पांढरा दिसला, लालच्या जागी आकाशी आला, तर रंग उलटवण्याची २१ किंवा २० ही आज्ञा चुकली आहे. आयपीएस पडद्यांना बहुधा २१ लागते.

चार रंगांत तीन वेगळे दोष वेगळे ओळखता येतात, आणि प्रत्येकाचा इलाज एका ओळीचा आहे. फक्त लाल रंग पाहिला असता तर पहिला आणि दुसरा दोष सारखाच भासला असता. म्हणूनच हिरव्या रंगाची परीक्षा कधी वगळू नये.

याच जोडीने कडांचीही परीक्षा घ्यावी. पडद्याच्या चारही कडांना एका ठिपक्याची रेघ मारायची. एका बाजूची रेघ गायब आणि समोरच्या बाजूला मुंग्यांची पट्टी, असं दिसलं तर चिपची स्मृती काचेपेक्षा मोठी आहे आणि चित्र सरकून बसलं आहे. २४० बाय २४० चा एसटी ७७८९ पडदा १८० अंशांत फिरवला की ८० ठिपक्यांची ही सरक हमखास भेटते, कारण त्या चिपच्या स्मृतीत ३२० ओळी असतात आणि काचेवर २४०.

वेगाचा हिशेब

पडदा किती जलद चालेल हे आधीच कागदावर काढता येतं. २४० गुणिले ३२० गुणिले १६ म्हणजे १२,२८,८०० बिट. ३२ मेगाहर्ट्झ वेगाने ते पाठवायला साधारण ३८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २६ चित्रं. माहितीपत्रक मात्र या चिपला एसपीआयवरून लिहिण्यासाठी १० मेगाहर्ट्झचीच हमी देतं. त्या वेगाने सेकंदाला ८ चित्रं निघतात. बरीच मॉड्यूलं प्रत्यक्षात ३२ मेगाहर्ट्झलाही नीट चालतात, पण ती निर्मात्याची हमी नव्हे. रानात किंवा कारखान्यात वर्षानुवर्षं चालायच्या यंत्रात हमीचा वेगच बरा.

आणि तो पुरतोही. बदललेला भागच पाठवायचा असेल तर २ए आणि २बी या आज्ञांनी छोटी चौकट आखता येते. घड्याळाचे आकडे १०० बाय ४० ठिपक्यांत बसत असतील तर ते ६४,००० बिट होतात. १० मेगाहर्ट्झलाही साडेसहा मिलिसेकंदांत काम संपतं. डीआरएमचे ड्रायव्हर हे आपोआप करतात.

मोठ्या पडद्याला मात्र हे गणित झेपत नाही. ८०० बाय ४८० ठिपक्यांचं एक चित्र ६१ लाख बिटांचं, आणि ३२ मेगाहर्ट्झला सेकंदाला पाचच चित्रं. म्हणून तिथे समांतर तारांचे पडदे किंवा ‘डीएसआय’ जोडणी वापरतात. अशा साध्या समांतर पडद्यांत चित्र साठवणारी स्मृती नसते. बोर्डालाच सेकंदाला साठ वेळा सगळे ठिपके पुरवावे लागतात, आणि ८०० बाय ४८० साठी ठिपक्यांचं घड्याळ ३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. विकत घेण्याआधी हा हिशेब पाच मिनिटांत होतो.

शेवटची पायरी: मराठी

रंग बरोबर, कडा बरोबर, वेग बरोबर. इंग्रजीत दोन शब्द उमटले की बरेच जण काम संपलं म्हणतात. वाचणारा मराठी असेल तर काम अजून संपलेलं नाही.

जुन्या १६ बाय २ अक्षरांच्या एलसीडीवर हे शक्यच नव्हतं म्हणायला हरकत नाही. हिताचीच्या ‘एचडी ४४७८०’ चिपवर चालणाऱ्या त्या पडद्यात अक्षराला ५ बाय ८ ठिपक्यांचा चौकोन मिळतो आणि आपण रचलेली आठच चिन्हं एका वेळी ठेवता येतात. आठ चिन्हांत एखादा शब्द कसाबसा बसतो, वाक्य बसत नाही. रंगीत पडद्यावर ठिपक्यांची अशी टंचाई नाही. तरीही लिनक्सचा काळा-पांढरा कन्सोल तिथे मराठी दाखवू शकत नाही, कारण त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची व्यवस्थाच नाही.

देवनागरीत अक्षरांचा लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘वि’ साठवताना आधी ‘व’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी, दाखवताना वेलांटी आधी. रफार साठवला जातो व्यंजनाच्या आधी, दिसतो डोक्यावर. हे जुळवण्याचं काम ‘हार्फबझ’ ही मुक्त लायब्ररी करते. अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस तिच्यावरच विसंबून आहेत. पायथनमध्ये चित्र रचण्यासाठी ‘पिलो’ वापरली तर तिची साधी मांडणी जोडाक्षरं जुळवत नाही. ‘विद्यार्थी’ लिहायला सांगितलं की वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाते, ‘द’चा पाय मोडलेला दिसतो आणि रफाराऐवजी पाय मोडका ‘र’ उभा राहतो. पिलोला ‘रॅक्म’ या मांडणीची जोड मिळाली की तोच शब्द नीट उमटतो. ती जोड आपल्या बोर्डावर आहे का, हे पिलोलाच एका ओळीत विचारता येतं. ‘क्यूटी’मध्ये हार्फबझ आधीपासून असल्याने तिथे ही अडचण येत नाही. मजकुराची भाषा मराठी असल्याचं सांगितलं, तर ज्या फॉन्टांत सोय आहे ते ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात.

फॉन्टचं मापही पडद्याकडे पाहून ठरवावं. २.८ इंची पडद्यावर एक ठिपका ०.१८ मिलिमीटरचा असतो. शिरोरेघेच्या वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना जागा हवी, म्हणून एका ओळीला ३० ठिपके द्यावेत. आडव्या पडद्यावर आठ ओळी आरामात बसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ हा खुला फॉन्ट अशा मापाला सुवाच्य राहतो.

पडदा चालला की तीन गोष्टी प्रकल्पासोबत एका जागी जपून ठेवा: तारांचा तक्ता, ओव्हरलेच्या ओळी आणि आज्ञांच्या क्रमाची फाइल. पडदा बदलायची वेळ आली की याच कामाला येतील. आणि चाचणीसाठी पहिला मजकूर इंग्रजी न ठेवता ‘दऱ्याखोऱ्यांतला विद्यार्थी’ असा ठेवा. या दोन शब्दांत ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षर आणि मराठीचा खास ‘ऱ्य’ हे सगळं आलं. ते निर्दोष उमटले, तर तुमचा पडदा मराठी वाचकासमोर ठेवण्याजोगा झाला.